घरातला पहारेकरी : सर्व्हरवरील घुसखोरी ओळखण्याचा एक पाठ

न्यासाच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही काही लिहावे असा कार्यवाहांचा आग्रह पडला. संस्थेचा इतिहास, संस्थापकांचे स्मरण आणि देणगीदारांचे ऋण या विषयांवर आमच्याहून अधिकारी मंडळी याच अंकात लिहीत आहेत. आमचा व्यवसाय शिकविण्याचा. तेव्हा आम्ही आपला एक पाठच द्यावा हे उचित. विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटेल. परंतु तो आपल्या प्रत्येकाच्या घरापर्यंत येऊन पोचलेला आहे, हे शेवटी वाचकांस पटेल अशी आशा आहे.

आपल्या न्यासाची दप्तरे पूर्वी लाल कापडात बांधलेली असत. कोणत्या विद्यार्थ्यास किती शिष्यवृत्ती दिली, कोणत्या घरी औषधपाण्यासाठी मदत गेली, कोणत्या विधवा भगिनीस दरमहा काय पोचते, ही सारी नोंद त्या दप्तरांत असे आणि कपाटाची किल्ली एका विश्वासू माणसाजवळ असे. आज हीच नोंद देवासच्या कचेरीतील एका सर्व्हरवर आहे व धारच्या शाखेतूनही ती उघडता येते. सोय झाली यात शंका नाही. परंतु मदत मागणाऱ्याने आपली अडचण विश्वासाने आपल्या कानी घातलेली असते. ती परक्याच्या हाती पडली तर ते नुकसान पैशाने भरून येत नाही. म्हणून या सर्व्हरची राखण कशी होते, ती कोठे चुकते आणि चुकल्यास काय करावे, हे निदान ढोबळमानाने प्रत्येक सभासदास ठाऊक असावे.

१. कुंपण आणि पहारा

देवासकरांना बँक नोट प्रेसची ओळख करून देण्याची गरज नाही. उंच भिंती, सशस्त्र पहारा, येणाऱ्याजाणाऱ्याची झडती, असा तेथील बंदोबस्त. तरीही जानेवारी २०१८ मध्ये तेथील एका अधिकाऱ्यालाच नोटा चोरताना पकडण्यात आले. छपाईत दोष निघाला म्हणून बाजूला काढलेल्या नोटा तो लपवून बाहेर नेत असे, व त्याच्या कचेरीतून आणि घरातून मिळून सुमारे ९० लाख रुपये सापडले. भिंत चढून कोणी आत आले नव्हते. ज्यास आत येण्याचा अधिकार होता, त्याच्याच हातून हे घडले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांची नजर आतल्या माणसाच्या आतल्या वागणुकीवर पडली, म्हणून तो सापडला.

ही गोष्ट कागदी नोटांची झाली. यंत्रातील पैशाची गोष्ट त्याच वर्षी पुण्यात घडली. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ ऑगस्ट २०१८ या शनिवारी, बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या यंत्रांतून आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेस, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळविले गेले. एकूण हानी ९४ कोटी ४२ लाखांची. एटीएममध्ये कार्ड घातले की ‘या खात्यात पैसे आहेत काय?’ असा प्रश्न बँकेकडे जातो व तेथून होकार किंवा नकार येतो. चोरट्यांनी या प्रश्नोत्तराच्या वाटेवरच आपला तोतया बसविला. खात्यास विचारल्याशिवाय होकार जाऊ लागला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकी सरकारने आफ्रिका व आशियातील बँकांवर झालेल्या अशाच हल्ल्यांविषयी इशारा प्रसिद्ध केला. त्यात म्हटले होते की हस्तगत झालेले सर्व्हर आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्स प्रणालीवर चालत होते व त्या प्रणालीच्या आवृत्त्या जुनाट, उत्पादकाने देखभाल सोडलेल्या अशा होत्या.

येथे युनिक्स म्हणजे काय हे सांगितले पाहिजे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी सुरू केलेली ही संगणकप्रणाली. आज बँका, रेल्वे, टपाल यांची मोठी कामे करणारे बहुतेक सर्व्हर तिच्यावर किंवा तिच्याच वळणाच्या लिनक्सवर चालतात. आपल्या न्यासाचा सर्व्हरही लिनक्सचाच आहे.

सर्व्हरभोवती जे कुंपण असते त्यास फायरवॉल म्हणतात. कोणत्या दारातून कोणी यावे, एवढेच ते पाहते. आत आलेला माणूस काय करतो, हे पाहण्यास घरातच बसलेला पहारेकरी हवा. सर्व्हरच्या पोटात राहून त्याच्या फाइली, त्यावरील ये-जा आणि त्याची रोजनिशी यांवर डोळा ठेवणाऱ्या अशा प्रणालीस इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एचआयडीएस’ म्हणतात. आम्ही तिला या लेखात ‘घरातला पहारेकरी’ म्हणू.

२. पाऊण डॉलरचा हिशेब

या पहाऱ्याच्या इतिहासातील एक प्रसंग आम्ही वर्गात नेहमी सांगतो. १९८६ साली अमेरिकेतील बर्कली येथील लॉरेन्स प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचे खगोलशास्त्रज्ञ संगणकाच्या देखरेखीस होते. संगणक वापरणाऱ्यांकडून वेळेप्रमाणे पैसे घेण्याची तेथे पद्धत होती. महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटची तूट आली. दुसऱ्या कोणी ती खर्ची टाकून मोकळा झाला असता. स्टोल यांनी ती सोडली नाही. शोधता शोधता कळले की कोणी परका माणूस त्या युनिक्स यंत्रात शिरतो आहे. पुढे कित्येक महिने पाठलाग केल्यावर तो जर्मनीतील हॅनोव्हर शहरी सापडला, आणि तो चोरलेली माहिती सोव्हिएत हेरखात्यास विकीत होता असे निष्पन्न झाले. आपल्या न्यासाचे खजिनदार चार आण्यांची तूट शोधण्यासाठी रात्र जागवितात तेव्हा आम्हांस स्टोलसाहेबांची आठवण होते.

पुढे १९८७ साली डोरोथी डेनिंग या विदुषीने घुसखोरी ओळखण्याचे शास्त्र एका निबंधात मांडले. नेहमीची वागणूक कशी असते ते यंत्रास शिकवावे, म्हणजे नेहमीहून वेगळे काही घडताच ते सांगेल, असे त्याचे सार होते. नोव्हेंबर १९९२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील जीन किम हा विद्यार्थी व त्याचे गुरू युजीन स्पॅफर्ड यांनी ‘ट्रिपवायर’ हे साधन सर्वांसाठी खुले केले. १९९९ च्या सुमारास फिनलंडमधील रामी लेहती व पाब्लो विरोलाइनेन यांनी त्याच धर्तीवर ‘एड’ हे विनामूल्य साधन केले. त्यानंतर ब्राझीलचे डॅनियल सिड यांनी ‘ओसेक’ निर्माण केले. ते अनेक सर्व्हरांची राखण एका मध्यवर्ती ठिकाणाहून करते. २०१५ मध्ये त्यास ‘वाझू’ ही शाखा फुटली. आपल्या सर्व्हरवर एड व वाझू ही दोन्ही साधने आहेत. दोहोंसाठी शुल्क पडत नाही, ही गोष्ट धर्मादाय संस्थेस लहान नव्हे.

३. शिक्का आणि मोर्तब

पहारेकऱ्याचे मुख्य काम समजण्यास आपल्याच मुलखातील एक जुना परिपाठ उपयोगी पडतो. आमचे आजोबा धार दरबारच्या दप्तरात कारकून होते. जुन्या पत्राच्या माथ्यावर शिक्का असे, तो कोणाचा हुकूम आहे हे सांगण्यासाठी. पत्र जेथे संपे तेथे मोर्तब असे, म्हणजे त्याखाली मागाहून कोणी ओळ वाढवू नये. कागद लांब असून बंद जोडलेले असले तर सांध्यावरही मोहर उठवीत, म्हणजे मधला बंद बदलला तर मोहर जुळत नसे. शिक्का आणि मोर्तब हे दोन्ही शब्द फारसी दरबारी भाषेतून आपल्याकडे आले व मराठीने त्यांचा ‘शिक्कामोर्तब’ असा जोडशब्द करून टाकला.

पहारेकरी नेमके हेच करतो. सर्व्हरवरील प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीवर तो गणिताने एक मोहर काढतो. तीस ‘हॅश’ म्हणतात. आज रूढ असलेल्या ‘शा-२५६’ पद्धतीत ही मोहर ६४ चिन्हांची असते. फाइल एका ओळीची असो की हजार पानांची, मोहर तेवढीच. मौज अशी की शिष्यवृत्तीच्या यादीत ५,००० चे ५०,००० केले, म्हणजे केवळ एक शून्य वाढविले, तर सारी मोहरच बदलते. शक्य मोहरांची संख्या ७८ आकडी आहे. तेव्हा दोन निराळ्या फाइलींची मोहर योगायोगाने एक निघेल ही भीती धरण्याचे कारण नाही. मात्र पद्धत जुनी नसावी. ‘एमडी-५’ नावाच्या पूर्वीच्या पद्धतीत एकच मोहर असलेल्या दोन निराळ्या फाइली तयार करता येतात, हे २००४ साली वांग शियाओयुन या चिनी विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. सबब त्या पद्धतीवर एकट्याने विसंबू नये.

मोहरेबरोबर आणखी काही गोष्टी नोंदविल्या जातात : फाइलीचा मालक कोण, ती वाचण्याचा, बदलण्याचा व चालविण्याचा अधिकार कोणास, ती शेवटची केव्हा बदलली. या साऱ्यांची मिळून जी वही तयार होते तिला आम्ही ‘मूळ नोंद’ म्हणतो. रोज रात्री पहारेकरी सर्व फाइलींची मोहर नव्याने काढून मूळ नोंदीशी ताडून पाहतो आणि फरकाची यादी देतो. पहाऱ्याचा मूळ व्यवहार एवढाच आहे.

४. मांडणी

आता मांडणीचा क्रम पाहू.

पहिली गोष्ट, मूळ नोंद सर्व्हर नवा व निर्मळ असतानाच, बाहेरच्या जाळ्यास जोडण्यापूर्वी करावी. घरात चोर शिरल्यावर सामानाची यादी केली तर चोराची पिशवीही यादीत येते.

दुसरी गोष्ट, कशावर मोहर ठेवावयाची ते विचारपूर्वक ठरवावे. आज्ञावलींच्या फाइली, प्रणालीच्या मांडणीच्या फाइली, खातेदारांची व पासवर्डांची यादी, ठराविक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे वेळापत्रक, आणि दूरवरून प्रवेश देणाऱ्या किल्ल्यांची यादी, यांवर कडक पहारा हवा. उलट रोजनिशीच्या फाइली, म्हणजे लॉग, सतत वाढतच असतात. त्यांवर मोहर ठेवली तर रोज ओरड होईल. त्यांचा मालक व अधिकार तेवढे पाहावेत, आणि त्यांतील मजकूर वाचण्याचे काम वाझूकडे द्यावे.

तिसरी गोष्ट नवशिक्यांस हटकून अडविते. एडला ‘इनिट’ ही आज्ञा दिली की मूळ नोंद तयार होते, परंतु तिच्या नावात ‘न्यू’ हा शब्द असतो. तिचे नाव बदलून ती नेहमीच्या नावाने ठेवल्याखेरीज ‘चेक’ ही आज्ञा चालत नाही. नोंद सापडत नाही अशी तक्रार येते. हा यंत्राचा दोष नव्हे. आपण पाहून, समजून, हाताने ती नोंद मान्य करावी अशी त्यात योजना आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूळ नोंदीची एक प्रत सर्व्हरच्या बाहेर असावी. ज्याने घर लुटले तो पहारेकऱ्याची वहीही बदलू शकतो. देवास हे पूर्वी थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन राज्यांचे एक गाव होते. एकाच वस्तीत दोन दप्तरे, दोन कारभार. राज्यकारभारास तो प्रकार अडचणीचा खरा, पण नोंदवहीस फार उपकारक. आम्ही देवासच्या सर्व्हरची मूळ नोंद धारच्या कचेरीत, केवळ वाचता येईल अशा तबकडीवर ठेवितो. हिचा उपयोग कसा झाला ते पुढे सांगतो.

५. आमची चूक

शिक्षकाने आपली चूक फळ्यावर लिहून दाखविली तर ती वर्गास अधिक दिवस लक्षात राहते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून हे लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सर्व्हरवरील आज्ञावली अद्ययावत केल्या. दुसऱ्या दिवशीचा अहवाल हजार ओळींचा आला. हे स्वाभाविक होते, कारण शेकडो फाइली खरोखरच बदलल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तसाच अहवाल. चौथ्या दिवशीही तसाच. आम्ही कंटाळलो. मदतीस येणारा आमचा एक माजी विद्यार्थी म्हणाला, “सर, हे सगळे आपणच केलेले बदल आहेत. नवी नोंद मान्य करून टाकू का?” आम्ही म्हणालो, “टाक.” अहवाल कोणीच वाचला नाही. पाचव्या दिवसापासून पहारेकरी निवांत झाला : कोठेही फरक नाही.

अकराव्या दिवशी धारच्या शाखेतील एका भगिनीने दूरध्वनी केला : “सर, सर्व्हर फार हळू चालतो आहे. एक अर्ज उघडायला चहा पिऊन होतो.” पाहतो तो यंत्र रात्रंदिवस कोणा परक्यासाठी आभासी नाण्यांची गणिते सोडवीत होते. एड म्हणत होता, सर्व ठीक आहे. तेव्हा आम्ही धारची तबकडी मागविली आणि त्या जुन्या नोंदीशी ताडून पाहिले. हजार ओळींच्या त्या ढिगात तीन ओळी आमच्या नव्हत्या. एका जुन्या स्वयंसेवकाच्या खात्यात प्रवेशाची नवी किल्ली जोडलेली होती. वेळापत्रकात दर दहा मिनिटांनी चालणारे एक नवे काम होते. आणि ज्या ठिकाणी आम्ही कधी काही ठेविले नव्हते तेथे एक नवी आज्ञावली होती. तिन्ही ओळी चौथ्या दिवसाच्या अहवालात स्पष्ट छापलेल्या होत्या. पहारेकऱ्याने चोरास पाहिले होते व आम्हांस सांगितलेही होते. आम्ही न वाचता त्याच कागदावर शिक्कामोर्तब केले, आणि त्या दिवसापासून चोराचा माल घरचा माल ठरला.

चोर आला कसा? ते स्वयंसेवक गाव सोडून गेले त्यास दोन वर्षे झाली होती. त्यांचे खाते बंद करावयाचे राहिले होते, त्यास सर्वाधिकार होते, आणि पासवर्ड अगदी सोपा होता. हाही दोष आमचाच.

पुढे काय केले तेही क्रमाने सांगतो, कारण अशा वेळी हात थरथरतात. प्रथम सर्व्हरची जाळ्याची तार काढली, पण वीज बंद केली नाही. वीज बंद केली की स्मृतीतला पुरावा पुसला जातो. मग चकतीची जशीच्या तशी प्रत काढून बाजूला ठेविली. बिघडलेली प्रणाली दुरुस्त करण्याच्या भरीस न पडता ती नव्याने मांडली आणि केवळ नोंदींची माहिती चांगल्या प्रतीवरून, तपासून, परत घेतली. सर्वांचे पासवर्ड व किल्ल्या बदलल्या. शेवटी सर्वांत अवघड काम केले. ज्या कुटुंबांची माहिती त्या यंत्रात होती त्या प्रत्येकास आम्ही पत्र लिहिले की तुमची नोंद परक्याच्या नजरेस पडली असण्याचा संभव आहे. नोंदींत फेरफार झालेला दिसला नाही व पैसाही गेला नाही. परंतु एक वृद्ध गृहस्थ ते पत्र घेऊन आमच्याकडे आले. “मास्तर, मुलाच्या आजाराचे आम्ही भावकीतही सांगितले नव्हते,” एवढेच ते म्हणाले आणि उठून गेले. तो दिवस आम्ही विसरलेलो नाही.

एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविण्याचे बंधन कंपन्या व सरकारी कार्यालयांवर घातले आहे. आपल्यासारख्या संस्थेनेही तोच दंडक आपणहून पाळावा.

६. दोष आणि त्यांचे उपाय

आता पहारेकरी कसा बिघडतो ते पाहू. बहुतेक तक्रारी पुढील सहा प्रकारांत बसतात.

दोष पहिला : फार ओरड. बहुधा तीन कारणे असतात. आज्ञावली अद्ययावत झाल्या असतील. रोजनिशीची जुनी वही बंद करून नवी उघडण्याचा नित्यक्रम पहाऱ्याच्या वेळीच चालला असेल. किंवा सतत बदलणाऱ्या जागा पहाऱ्यात घेतल्या गेल्या असतील. उपाय असा : अद्ययावत करण्याच्या आधी एकदा ताडून पाहावे व अहवाल कोरा आल्याची खात्री करावी. मग आज्ञावली बदलाव्यात. मग पुन्हा ताडावे. या दोहोंमधील फरक तेवढे आपले. त्यांतही मूळ पुरवठादाराच्या मोहरांशी फाइली ताडणारी साधने मिळतात. रेड हॅट कुळात ‘आरपीएम’ची पडताळणी आणि डेबियन कुळात ‘डेबसम्स’. त्यांनी जुळणाऱ्या फाइली बाजूला काढल्या की हजार ओळींच्या वीस होतात, आणि वीस ओळी माणूस वाचू शकतो.

दोष दुसरा : पूर्ण शांतता. हा अधिक भयंकर, कारण तो गुणासारखा दिसतो. वेळापत्रक बंद पडले असेल, चकती भरली असेल, अहवालाचे टपाल अडले असेल. म्हणून फरक नसला तरी ‘फरक नाही’ असा अहवाल रोज आलाच पाहिजे अशी योजना करावी. शिवाय आठवड्यातून एकदा पहाऱ्यातील एका निरुपद्रवी फाइलीत आपणच एक अक्षर बदलावे. दुसऱ्या दिवशी ओरड झाली नाही, तर पहारेकरी झोपला आहे असे समजावे.

दोष तिसरा : दूरचा सर्व्हर मध्यवर्ती ठिकाणाशी बोलत नाही. ओसेक व वाझू यांत प्रत्येक सर्व्हरवर एक हस्तक असतो आणि तो १५१४ क्रमांकाच्या दारातून मुख्य ठाण्यास वर्दी देतो. प्रथम ते दार फायरवॉलने अडविले नाही ना ते पाहावे. मग हस्तकाची गुप्त किल्ली दोन्ही ठिकाणी एकच आहे ना ते पाहावे. सर्व्हर जुन्या प्रतीवरून पुन्हा मांडला असेल तर ओसेकमध्ये संदेशांचे अनुक्रमांक जुळत नाहीत व ठाणे ते संदेश नाकारते. अशा वेळी दोन्हीकडील अनुक्रमांकाची नोंद साफ करून हस्तक पुन्हा सुरू करावा.

दोष चौथा : घड्याळे जुळत नाहीत. देवासचे यंत्र पाच मिनिटे पुढे व धारचे सात मिनिटे मागे असेल तर कोण आधी आले व काय मागून घडले याचा पत्ता लागत नाही. सर्व यंत्रांनी एकाच वेळदर्शकाशी आपली घड्याळे मिळवून घ्यावीत.

दोष पाचवा : सर्व्हर मंदावतो. मोहर काढण्यास प्रत्येक फाइल पूर्ण वाचावी लागते. समारंभांची छायाचित्रे व चलचित्रे पहाऱ्यातून वगळावीत, वेळ पहाटेची ठेवावी, आणि ‘नाइस’ या आज्ञेने कामाचा अग्रक्रम खाली आणावा. फाइली बदलताच तत्क्षणी सांगणारा पहारा लिनक्सवर ठेवावयाचा असेल तर किती जागांवर लक्ष ठेवता येईल यास प्रणालीने मर्यादा घातलेली असते. ती संपली की उरलेल्या जागांवर नजर राहत नाही. तेव्हा असा पहारा मोजक्याच जागी ठेवावा.

दोष सहावा : पहारेकरी घरच्यांनाच अडवितो. वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्याचा पत्ता काही काळ रोखण्याची सोय या साधनांत असते. एकदा वार्षिक हिशेबाच्या दिवशी आपले खजिनदार पासवर्ड विसरले, त्यांनी आठ वेळा प्रयत्न केला, आणि दहा मिनिटे सारी कचेरीच बाहेर राहिली. आपल्या कचेऱ्यांचे पत्ते विश्वासू यादीत आधी घालावेत. पण ती यादी लहान ठेवावी. विश्वासू यादी लांबली की तीच चोरवाट होते.

७. पहाऱ्याची मर्यादा

पहारेकरी सर्व जाणतो असे मात्र नव्हे. घुसखोराने प्रणालीच्या गाभ्यातच ठाण मांडले तर तो पहारेकऱ्यास खोटे दाखवितो; अशा संशयाच्या वेळी निर्मळ तबकडीवरून यंत्र सुरू करून बाहेरून तपासणी करावी. दुसरे, विष कधी कधी अधिकृत औषधातूनच येते. २०२४ च्या मार्च महिन्यात ‘एक्सझेड’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या लिनक्स साधनाच्या नव्या आवृत्तीत चोरवाट घातलेली आढळली. ती अद्ययावत करण्याच्या राजमार्गाने आली होती. मोहर बदलली तरी तो बदल रीतसर दिसला असता. ती सापडली ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास. प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे त्याला खटकले व त्याने कारण शोधले. १९८६ चे ७५ सेंट आणि २०२४ चा अर्धा सेकंद यांत अडतीस वर्षांचे अंतर आहे, पण दोन्ही ठिकाणी चोर सापडला तो लहानसा फरक कोणी मनावर घेतला म्हणून.

आमच्या पाठाचे सार एवढेच आहे. पहारेकरी फरक दाखवितो. तो फरक भला की बुरा हे माणसाने वाचून ठरवावयाचे असते. न वाचता मान्यता देणे हे पहारा नसण्याहून वाईट, कारण त्यायोगे चोरीवरच आपला शिक्का बसतो.

या प्रसंगानंतर आपल्या विश्वस्तांनी एक नियम केला. धनादेशावर जशा दोन सह्या लागतात तशाच मूळ नोंद बदलण्यासही दोन लागतात, एक देवासची व एक धारची. अहवाल कागदावर छापून एका वहीत चिकटविला जातो आणि वाचणारा त्याखाली ‘वाचले’ असे लिहून सही करतो. वही कार्यवाहांच्या मेजावर असते. सभासदांपैकी कोणासही ती केव्हाही पाहता येते. आपण कचेरीत याल तेव्हा चहा घेण्यापूर्वी एवढे अवश्य विचारा : “कालचा अहवाल कोणी वाचला?” संगणकाचे एक अक्षर न जाणणाऱ्या सभासदानेही हा प्रश्न विचारला तर पहारा जागा राहतो.

संस्थापकांनी आपल्या स्वाधीन केलेली ठेव केवळ रकमेची नव्हती. लोकांचा भरवसा हीच तिची मुद्दल, आणि तिची राखण करण्याचे बळ आपणां सर्वांस लाभो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कुंपण आणि घरातला पहारेकरी यांच्या कामातील भेद देवास येथील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. मूळ नोंदीची प्रत सर्व्हरच्या बाहेर का ठेवावी?
३. पहारेकरी आठवडाभर गप्प आहे. तो जागा आहे की झोपला, हे कसे ओळखाल?
४. लेखकाच्या चुकीत तुम्हांस एकूण किती चुका दिसतात? त्यांपैकी कोणती चूक आपल्या घरीही घडते, ते कुटुंबात बसून ठरवा.